दीर की धीर

६ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

जे काही विचारायचं ते पत्रातून विचार, असं तू फोनवर कुजबुजत म्हणालीस. आतोबा शेजारच्या खुर्चीत तोंडासमोर पेपर धरून बसतात आणि पान मात्र उलटत नाहीत, हे मलाही माहीत आहे. म्हणून हे पत्र. तुझा गुडघा आणि आतोबांचा खोकला, दोघांची खबरबात आधी कळव, मग माझ्या कामाकडे वळ.

काम असं आहे. आमच्या भाषा विभागाने बंद पडलेल्या कोळसाखाणींतली बोली गोळा करायला घेतली आहे आणि तुमची वसाहत माझ्या वाट्याला आली आहे. मागून घेतली म्हण हवं तर. चारी दिशांनी माणसं कामाला आली, ज्याने त्याने आपापली भाषा आणली आणि जमिनीखाली त्या सगळ्यांची मिळून एक वेगळीच बोली झाली, असं एका जुन्या अहवालात म्हटलंय. त्या वाक्यापुढे काही नाही. खाण बंद झाली, माणसं पांगली, राहिली ती थकली. आता ऐकली नाही तर नंतर ऐकवायला कोणी असणार नाही.

नवल याचं वाटतं की माझ्या शाळेच्या सगळ्या सुट्ट्या तुझ्याकडे गेल्या. कँटीनच्या ओट्यावर पाय हलवत बसून मी पाळीवरून परतणारी माणसं पाहिली, कोण कोण आहे ते नुसत्या डोळ्यांवरून ओळखायला शिकले. पण त्या बोलीतला एक शब्द कधी कानावर पडला नाही.

आतोबा बोलतील का? आणि समोरचे उंटकाका? मी शाळेत होते तेव्हा ते रोज संध्याकाळी तुमच्या पायरीवर असायचे. मग कॉलेजात गेले, सुट्टीला परत आले, तर समोरासमोरची दोन दारं एकमेकांना ओळखत नव्हती. कारण विचारलं की तू कोथिंबिरीचा भाव सांगायला लागायचीस. आता तरी सांग.

तुझा लोभ माझ्या वाट्याला इतर भावंडांपेक्षा जास्तच आला आहे. त्यांना न कळता तो तसाच चालू ठेव.

तुझी,
बडबडी

१७ जानेवारी

चि. बडबडीस,
अ. आ.

पत्र मिळालं. गुडघा आहे तिथेच आहे, खोकला मात्र घरभर फिरतो. थंडीत यांना छातीशी गरम पाण्याची पिशवी धरून बसावं लागतं, पण तब्येत कशी आहे विचारलं की ठणठणीत.

यांना विचारलं. म्हणाले, ती कसली भाषा, ती सवय होती, साबण लावला की जायची. पुन्हा विचारलं तर उठून दारात गेले आणि झाडलेली पायरी परत झाडू लागले. तुझे आतोबा हो म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ बघू असा असतो. नाही म्हणतात तेव्हा मात्र नाहीच.

तुला खोटं वाटेल, पण ती बोली मीही ऐकलेली नाही. कँटीनच्या खिडकीतून मी वर्षानुवर्षं त्या माणसांना चहा आणि पाव दिला. खिडकीशी ती तुझ्यामाझ्यासारखीच बोलायची. मग पाळण्यात शिरायची. खाली नेणाऱ्या त्या लोखंडी पिंजऱ्याला पाळणा म्हणायचे, एवढा एक शब्द मला ठाऊक. पाळण्याची जाळी लागली की बोलणं बदलायचं. वरचं बोलणं खाली न्यायचं नाही, खालचं वर आणायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. कोणी घरात चुकून बोललाच तर बाकीचे त्याला आठवडाभर सळो की पळो करून सोडायचे. आम्हा बायकांना तर त्याचा वाराही लागू दिला नाही.

आता अबोल्याचं. तू मोठी झालीस, ऐक. फार पूर्वी, तू जन्मायच्या आधी, खालच्या एका बाजूचं छत बसलं आणि यांच्या पाळीतले दोघे आत राहिले. खूप खणलं. शेवटी ती बाजू सोडून द्यावी लागली. ते दोघे तिथेच आहेत. पुढे खाण बंद झाली तेव्हा तिचं तोंड बुजवायचं ठरलं आणि त्या कामाला जुनी माणसं हवी होती. कोणी जाईना. तुझे उंटकाका गेले. त्या संध्याकाळी ते नेहमीसारखे पायरीवर येऊन बसले तर यांनी दार लावून घेतलं. मला एवढंच म्हणाले की आपल्या त्या दोघांवर माती लोटायला हा गेला. त्यानंतर आजतागायत शब्द नाही. उंच माणूस, ठेंगण्या थरांत जन्मभर मान मोडून काम केलं म्हणून त्याला उंट म्हणायचे, आणि ते नावही यांनीच ठेवलेलं. आता दूधवाला आला की दोघेही आधी खिडकीतून बघतात, दुसरा बाहेर नाही ना. आहेत दोघेही हट्टी, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं.

वसाहत पाडायची नोटीस लागली आहे, गल्ली गल्ली करून. उंटकाकांची मुलगी उन्हाळा सरला की त्यांना आपल्या शहरात नेणार. तेव्हा यायचं तर लवकर ये. हे बोलले नाहीत तरी ते बोलतील. एकटा माणूस भिंतीशीही बोलतो.

येताना वजन वाढवून ये, कामाचं नव्हे, तुझं.

आत्या

१२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. डब्यातलं सगळं गाडीतच संपलं, त्यामुळे वजनाच्या बाबतीत तुझी तक्रार राहू नये.

उंटकाकांनी निराश केलं नाही. पहिल्या दुपारी घसा खाकरण्यात आणि रेकॉर्डरकडे संशयाने बघण्यात वेळ गेला. दुसऱ्या दुपारी बोलायला लागले. आत्या, तू ऐकायला हवं होतंस. खाणीच्या छताला ते सासू म्हणायचे. डोक्यावर असते आणि सतत कुरकुरते, म्हणून. सासू निजली म्हणजे छत शांत आहे, काम करा. सासू उठली म्हणजे हातातलं टाका आणि पळा. विषारी वायूला मुकी म्हणायचे, कारण ती येते तेव्हा आवाज करत नाही. कोळशाची धूळ म्हणजे भाऊबंद, कितीही झटकली तरी अंगाला चिकटून राहणारी. आणि छताखाली जे लाकडी टेकू लावायचे त्यांना म्हणायचे धीर. दोन धीर दे, इथला धीर वाकलाय, असं. मला हा शब्द इतका आवडला की मी तो टेबलासमोरच्या फळ्यावर लिहून ठेवला आहे.

आमच्या विभागप्रमुख बाईंना सगळं ऐकवलं. त्या खूश झाल्या, पण म्हणाल्या की शब्दांची यादी म्हणजे बोली नव्हे. दोन माणसं एकमेकांशी बोलतात तिला बोली म्हणायचं. एकाला दुसरा उत्तर कसं देतो, कुठे तोडतो, कशावर हसतो, ते नसेल तर आपल्याकडे नुसती सुटी नाणी आहेत, बाजार नाही. बोलणारे दोघे शोध, म्हणाल्या. त्यांचं बरोबर आहे आणि तीच अडचण आहे. मी वसाहतीत घरोघर विचारून आले. प्रत्यक्ष खाली काम केलेले आता तिथे दोघेच आहेत. बाकीचे वरच्या कामाचे, नाहीतर गेले. आणि त्या दोघांच्या मध्ये तुमची गल्ली आहे.

आतोबांना माझा नमस्कार सांग. मी होते तोवर त्यांनी मला तीनदा विचारलं की समोर काय काय बोललात, आणि मी सांगायला लागले की ऐकायचं नाही म्हणाले.

असाच लोभ ठेव आणि डबाही.

बडबडी

२३ फेब्रुवारी

चि. बडबडीस,
अ. आ.

तुझ्या पत्राने घरात काय उडवून दिलं आहे ते सांगते.

हे आरशासमोर दाढी करत होते. म्हटलं, मुलीचं पत्र आलंय, वाचू का? वाच म्हणाले. सासूपर्यंत ऐकलं आणि गालातल्या गालात हसले, तेही साबण लागलेल्या गालात. मुकी ऐकली आणि मान हलवली. मी धीर वाचलं मात्र, वस्तरा खाली ठेवला. अर्धा गाल तसाच. म्हणाले, दीर. धीर नव्हे, दीर. पुन्हा वाच, त्याने काय सांगितलं? मी पुन्हा वाचलं. म्हणाले, छत जर सासू आहे तर तिच्या घरात उभा कोण असणार? दीर. सरळ गोष्ट आहे. त्या उंटाला तेव्हाही ऐकू कमी यायचं आणि आता पोरीला उलटसुलट सांगून ठेवतोय. छापून आलं तर जन्माचं हसं होईल.

म्हटलं, मग जाऊन सांगा त्यांना. त्यावर उरलेली दाढी केली.

दुपारी मात्र मला म्हणाले, तू समोर जातेस ना भाजी द्यायला? मी गेली कितीतरी वर्षं जाते आणि ते यांना माहीत आहे, हे मला त्या दिवशी कळलं. तर सहज विचार, म्हणाले, धीर कुठून काढलास. मी भाजीची वाटी घेऊन गेले आणि विचारलं. उंटकाका खुर्चीतून अर्धे उठले. म्हणाले, त्यांना सांगा, दीर कधी कोणाच्या आधाराला उभा राहिलेला पाहिलाय का? जे आधार देतं ते धीर. मी येऊन सांगितलं. हे म्हणाले, स्वतःच्या भावांवरून जगाला मोजू नये म्हणावं. मी ते सांगितलं नाही. निरोपाच्याही काही पायऱ्या असतात.

पण हे थांबेनात. दुसऱ्या दिवशी म्हणाले, त्याला विचार, टेकू उपटून काढायचा असला की आपण काय म्हणायचो? दीर वेगळा निघाला, असं म्हणायचो की नाही? धीर वेगळा निघतो का कधी? मी गेले. उंटकाकांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, हे खरं आहे, पण वेगळा निघाला असं यांच्या टोळीत म्हणायचे, आमच्यात धीर सुटला म्हणायचे. असं चाललंय रोज. माझ्या गुडघ्याचा विचार दोघांनाही नाही. ज्याला तू बोली म्हणतेस ती सध्या माझ्या चपलांवरून ये-जा करते आहे.

पण एक सांगते. यांना खोकला आला की आधी ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. हल्ली खोकून झालं की विचारतात, काय म्हणाला?

तुझी बाई काय म्हणते ते कळव. मला या दोघांपैकी कोणाची बाजू घ्यायची नाही.

थकलेली पोस्टमन,
आत्या

५ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हसून हसून पुरेवाट झाली. विभागात तुझं पत्र वाचून दाखवलं, तू रागावणार नाहीस म्हणून.

माझं मत विचारशील तर दोन्ही खरं असणार. आतोबा आधी खालच्या थरात दुसऱ्या टोळीत होते, उंटकाका वरच्या थरात. दोन थरांत मिळून माणसं निरनिराळ्या गावांची. एकाने ऐकलं धीर, दुसऱ्याने ऐकलं दीर, आणि दोघांनाही आपापला अर्थ पटला. भाषेत असं होतं. मी दोन्ही शेजारी शेजारी लिहिणार आहे. पण हे त्यांना इतक्यात सांगू नकोस, भांडण मिटेल.

आणि एक मनापासून. माझ्या कामासाठी म्हणून त्यांना समोरासमोर बसवायची धडपड करू नकोस. ते दोघे आत राहिलेले, त्यांचं दुःख या शब्दांच्या गमतीखाली आहे, हे मला कळतं. रेकॉर्डर घेऊन मी त्यात पाय घालणार नाही. जे होईल ते त्यांचं त्यांना होऊ दे.

गुडघ्याला शेक दे. निरोपांचे दर वाढवून माग.

बडबडी

९ एप्रिल

चि. बडबडीस,
अ. आ.

तू म्हणालीस तशी मी काही धडपड केली नाही. गुडघा सुजला, म्हणून दोन दिवस समोर गेले नाही. एवढंच झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून हे खिडकीशी. उंटकाका त्यांच्या खिडकीशी. मी पलंगावर पाय वर करून बसले होते. यांनी मला तीनदा विचारलं की बरं वाटतंय का, तिन्ही वेळा मी नाही म्हटलं. मग घरातल्या चपला घालूनच बाहेर पडले. मला वाटलं पेपर आणायला गेले. दार उघडंच होतं, समोरचंही उघडं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

हे उंबऱ्यात उभे राहिले आणि एकदम ज्या भाषेत बोलायला लागले ती मला समजली नाही. शब्द ओळखीचे होते, अर्थ लागेना. आवाजही यांचा नव्हता. तुला यांचा आवाज माहीत आहे, मोजून मापून, जसं काही बोलण्याला रेशन आहे. हा आवाज मोठा होता, भरभर होता आणि मधेच शिवी होती. एवढ्या वर्षांच्या संसारात मी यांच्या तोंडून शिवी ऐकलेली नाही. उंटकाकांनी तसंच उत्तर दिलं. आणि मग हे हसले. नाकातून नव्हे, पोटातून, खोकला येईपर्यंत. मी पलंगावर बसल्या बसल्या विचार करत होते की मी कोणाशी लग्न केलं होतं.

पुष्कळ वेळ तसंच चाललं. मग आवाज खाली आले. तेव्हा मी काठी घेऊन हळूच त्यांच्या ओट्यापर्यंत गेले. चोरून ऐकलं म्हणायला माझी हरकत नाही. आता ते साध्या भाषेत बोलत होते. यांनी विचारलं की तू त्या कामाला का गेलास. बिचाऱ्याला हे विचारायला यांना इतकी वर्षं लागली. उंटकाका म्हणाले की कोणीतरी जाणारच होतं. बाहेरची माणसं येणार होती, यंत्रं घेऊन. त्यांना काय माहीत आत कोण आहे. आपल्या पाळीतला एकही माणूस तिथे नसताना तोंड बुजवलं असतं तर त्या दोघांना कळलंसुद्धा नसतं की काय चाललंय.

हे त्यांच्याजवळ सरकून बसले. मग म्हणाले, “मग सांगितलंस का त्यांना?”

“सांगितलं. मातीची पहिली खेप ओतायच्या आधी सगळ्यांना मागे सारलं, तोंडाशी वाकलो आणि नावं घेऊन सांगितलं. खालच्या बोलीतच सांगितलं. वरचं त्यांना कसं पोचणार?”

त्यावर यांनी काय केलं असेल, तर उंटकाकांच्या स्टोव्हवरचं भांडं उतरवलं आणि चहा तिघांना गाळला. मी ओट्यावर आहे हे त्यांना आधीपासून कळलेलं होतं.

हे घरी आल्यावर म्हणाले, पोरीला लिही, यंत्र घेऊन ये म्हणावं. तो मुलीकडे जायच्या आधी. आणि दीरच लिहायला सांग.

आत्या

२० जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

गेल्या महिन्यातलं सगळं रेकॉर्डिंग नीट उतरलं आहे. विभागप्रमुख बाई डोळे मिटून ऐकत बसल्या, मधे चहा आला तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. म्हणाल्या, हा बाजार आहे. आतोबा उंटकाकांचं वाक्य अर्ध्यातून तोडतात आणि ते तोडलेलं वाक्य उंटकाका पुढे पुरं करतात ते आतोबांच्या शब्दांत, अशी जागा आम्ही पुन्हा पुन्हा ऐकली. एकेका जागेला मला आठवडा लागतोय, कारण दोघे एकाच वेळी बोलतात आणि तू मागून पोहे गार होताहेत असं ओरडतेस.

उंटकाका मुलीकडे पोचल्याचं त्यांच्या मुलीने कळवलं. आठव्या मजल्यावर घर आहे, त्यांना गंमत वाटते की पाळणा आता वरच्या बाजूला जातो. आतोबा रविवारी फोन करतात हे ऐकून बरं वाटलं. काय बोलतात ते मला कळवत जा, तुला कळलं तर.

तुमची गल्ली पाडायची तारीख पुढे गेली ना? तसं झालं असेल तर देव पावला म्हणायचं. नसेल तर माझ्याकडे दोन खोल्या आहेत आणि त्यातली एक मी रिकामी करायला घेतली आहे. हा विषय मी सोडणार नाही.

बडबडी

१८ सप्टेंबर

चि. बडबडीस,
अ. आ.

उंटकाका गेले, हे तुला त्यांच्या मुलीने कळवलंच असेल. त्याआधी जे झालं ते मला तुला सांगायचं आहे.

छाती भरली म्हणून त्यांना दवाखान्यात ठेवलं होतं. तिथून एका दुपारी मुलीचा फोन आला. रडवेली झाली होती. म्हणाली, बाबा सकाळपासून एकच धरून बसलेत, हाताशी कोण, हाताशी कोण. आम्ही चष्मा दिला, पाणी दिलं, काठी दिली, बेल दिली, जे जे हाताशी लागेल ते सगळं दिलं. सगळं ढकलून देतात आणि पुन्हा तेच. उठायला बघतात, मग घाबरून तसेच थांबतात. डॉक्टर म्हणतात, भ्रम झालाय, झोपेचं औषध देऊ. काका, हे तुमच्यातलं काही आहे का?

फोन मी धरला होता, मोठ्या आवाजावर. यांनी ऐकलं आणि हातातला पेपर खाली पडला. मला नंतर समजावून सांगितलं ते तुला आधी सांगते. खाली दिवा गेला की माणूस जिथे आहे तिथे थांबतो, कारण पुढे खड्डा आहे की भिंत, कळत नाही. मग हाक मारायची, हाताशी कोण. म्हणजे, हात पोचेल इतक्या अंतरावर कोणी आहे का. ज्याला ऐकू येईल त्याने उत्तर द्यायचं. उत्तर येईपर्यंत पाऊल उचलायचं नाही, असा नियम. उंटकाका सकाळपासून अंधारात उभे होते आणि त्यांना जो तो चष्मा देत होता.

यांनी मुलीला फोन त्यांच्या कानाशी धरायला सांगितलं. पलीकडून तो आवाज आला, तुटका, दमलेला. हे खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, “हाताशी मी.”

पलीकडची धडपड थांबली. मग उंटकाकांनी काहीतरी विचारलं. यांनी उत्तर दिलं. मग पुन्हा, पुन्हा उत्तर. मला सगळं समजलं नाही, पण हे घाई करत नव्हते. यांचा तो दुसरा आवाज होता, फक्त हळू. नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, वाट कोणत्या बाजूला आहे ते विचारत होता, सांगितली. उजव्या हाताने भिंत धर, मी पुढे आहे, असं. पुढे खरंच होतात का, असं माझ्या तोंडून गेलं. हे म्हणाले, तेव्हाही पुष्कळदा नुसतं सांगायचो. चालतं.

मुलीने नंतर सांगितलं की बाबांनी उजवा हात लांब करून पलंगाचा दांडा धरला आणि त्यांचा श्वास खाली बसला. औषध द्यावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशीही हे फोनवर बसले. त्यानंतरच्या पहाटे उंटकाका झोपेतच गेले.

हे नीट आहेत. जेवतात. रविवारी सकाळी मात्र फोनशी जाऊन बसले आणि थोड्या वेळाने उठले.

तू इथे असतीस तर बरं झालं असतं.

आत्या

२ ऑक्टोबर

ती. आतोबा व ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आतोबा, हे पत्र या वेळी तुम्हालाही लिहिते आहे, तेव्हा पेपर बाजूला ठेवा.

आत्याचं पत्र आल्यापासून मी सगळं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. हाताशी कोण, हे त्यात कुठेही नाही. तुम्ही दोघांनी मला शेकडो शब्द दिलेत आणि हा दिला नाहीत. लपवला म्हणून नव्हे. आपण बसलो होतो तेव्हा खोलीत भरपूर उजेड होता, कोणाला त्याची गरज पडली नाही.

माझ्या कामात प्रत्येक बोलीपुढे एक प्रश्न असतो, की आज ती बोलणारे किती. मी तिथे पेन्सिलने दोन लिहिलं होतं. आता तिथे काय लिहायचं, ते मी तुम्हाला विचारल्याशिवाय ठरवणार नाही. उत्तर द्यायलाच हवं असं नाही. नुसतं तब्येतीचं कळवलंत तरी मला पुरेल.

दोघांचा लोभ मला हवा आहे, एकाच पत्रात मिळाला तरी चालेल.

बडबडी

१५ ऑक्टोबर

चि. बडबडीस,
अ. आ.

पत्र लिहायची मला सवय नाही. आत्या समोर बसली आहे आणि वाकून बघते आहे, म्हणून वळण असं.

तब्येत ठणठणीत. खोकला आहे.

तुझ्या प्रश्नाचं. पहिल्यांदा वाटलं, एक लिही. मग विचार केला, एकटा माणूस ही बोली बोलू शकत नाही. हाक मारली तर उत्तर देणारा लागतो, नाहीतर ती नुसती ओरड होते. म्हणजे शून्य लिहायला पाहिजे. तसं तुला कळवणार होतो आणि तेवढ्यासाठी कागद घेऊन बसलो.

पण गेल्या महिन्यापासून तुझ्या आत्याने एक उद्योग लावला आहे. रोज संध्याकाळी एक शब्द विचारते. खालचं वर आणायचं नाही, हा नियम मी तिला सांगितला. ती म्हणाली, खाली आता आहे काय? तेव्हा सांगतो. तिचे उच्चार वरच्यांचे आहेत. धीर म्हणते. ऐकत नाही. मुकी शब्द तिने शेजारणीला लावला आहे, ती आवाज न करता घरात येते म्हणून. मी चूक आहे म्हटलं, तर म्हणाली बरोबर आहे.

काल मी पेपर वाचत होतो. ती केर काढत आली आणि म्हणाली, वात लागली. हा शब्द तुझ्याकडे आहे का बघ. सुरुंगाची वात पेटवली की असं ओरडायचं, म्हणजे जो तो आडोशाला पळतो. केर काढायला वापरायचा शब्द नव्हे. अर्थ चुकला, सूर चुकला, आणि हातात झाडू.

पण मी पाय वर घेतले आणि उठून दाराआड जाऊन उभा राहिलो. तिथून तिला खालच्या बोलीत सांगितलं, आडोशाला आहे, होऊ दे.

तेव्हा शून्य लिहू नकोस. किती लिहायचं ते तुझ्या बाईंना विचार. दिवाळीच्या नाही तर कोणत्याही सुट्टीत ये आणि यंत्र आण. दोघांना एकदम बोलू देऊ नकोस, तुला पुन्हा आठवडा लागेल.

आमचा लोभ काही मागायला लागत नाही, तो आहे.

आतोबा

ता. क. ती खोली रिकामी करायची ती कर. मी अजून हो म्हटलेलं नाही. बघू.